पोस्टमास्तरचा रोजचा कचरा

लॅबमध्ये त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणायचे. आपल्याला हे नाव आवडत नाही असं तो दाखवायचा, आणि आवडतं हे काउंटरवरच्या बाईंपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मुळात तो तिथं लागला होता रिपोर्ट टाइप करायला. पण बिघडलेला प्रिंटर त्यानंच खटपट करून सुरू करायचा, अडकलेला कॉम्प्युटर त्यानंच सोडवायचा, असं होत होत तो लॅबचा कॉम्प्युटरवाला झाला. छोट्या जागेत माणूस असाच वाढतो. बढती कुणी देत नाही, कामं तेवढी देतात.

लॅब होती चष्म्याच्या दुकानाच्या वर. जिना चढलं की लांब बाकं, बाकांवर कोपरात कापूस दाबून बसलेली माणसं, मग काउंटर. आत मोठ्या डॉक्टरांची मायक्रोस्कोपची खोली आणि तिच्यामागे बरण्यांची खोली. माणसांच्या अंगातून काढलेले बारके तुकडे तिथं फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवलेले असत. त्या वासानं नव्या माणसाचे डोळे चुरचुरायचे. पोस्टमास्तरचे आता चुरचुरत नसत. त्याच खोलीच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या शेजारी, लॅबचा मेल सर्व्हर घुमत बसलेला असे.

हा सर्व्हर म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा हट्ट. "लोकांच्या पोटातलं, पाठीतलं आपण परक्या कंपनीच्या कपाटात कशाला ठेवायचं?" असं ते एकदा म्हणाले. "आपलं टपाल आपण सांभाळू. जमेल ना रे तुला?"

"जमेल की," तो म्हणाला. नसती बला गळ्यात पडायला एवढे दोन शब्द पुरतात.

जमलं, पण नाकी नऊ आले. सर्व्हर उभा राहिला तेव्हा त्याला वाटलं, झालं काम. आता रिपोर्ट तयार झाला की बटण दाबायचं आणि तो पेशंटच्या हातात. पण लॅबचा पहिलाच रिपोर्ट समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडला, दुसराही, तिसराही. मोठमोठ्या मेल कंपन्या नव्या सर्व्हरवर विश्वास ठेवत नाहीत. त्यातून लॅबला इंटरनेटवर जो नंबर मिळाला होता, तो पूर्वी कुणा उपद्व्यापी माणसाकडे होता आणि त्यानं त्या नंबरावरून जगभर कचरा वाटला होता. करून गेला गाव आणि दुसऱ्याचं नाव. पोस्टमास्तरनं तोंड नसलेल्या, नाव नसलेल्या लोकांना अर्ज केले, विनवण्या केल्या. सर्व्हरचं नाव आणि नंबर एकमेकांशी जुळवून घेतले, जाणाऱ्या प्रत्येक मेलवर लॅबची डिजिटल सही चढेल अशी सोय केली. हळूहळू रिपोर्ट पोचू लागले. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि काउंटरवरच्या बाईंनी बारसं केलं, पोस्टमास्तर म्हणून.

जाणाऱ्याची वाट मोकळी झाली, तशी येणाऱ्यांची रीघ लागली. लॉटऱ्या, कर्जं, वारसा सोडून मेलेले परदेशी काका, बंद पडू घातलेली बँक खाती. मोठ्या डॉक्टरांना रोज पाचपन्नास लोक मर्दानगीची औषधं देऊ करायचे. बाई सकाळी मेल उघडून आधी पदर तोंडाला लावायच्या आणि मग मोठमोठ्यानं वाचून दाखवायच्या.

सुरुवातीला तो असला मेल 'स्वीकारता येत नाही' अशी चिठ्ठी जोडून परत पाठवायचा. पण कचरा टाकणारा स्वतःचा पत्ता थोडाच लिहितो? तो दुसऱ्याच कुणाचा तरी लिहितो. लॅबच्या चिठ्ठ्या भलत्याच गरीब माणसांच्या दारात जाऊन पडू लागल्या, त्यांनी तक्रारी केल्या, आणि लॅबचाच सर्व्हर स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत गेला. काही दिवस एकही रिपोर्ट कुणाला पोचेना. जिन्यावर माणसं भांडायला उभी राहिली. तेव्हापासून पोस्टमास्तरनं कानाला खडा लावला. नको असलेला मेल यापुढे गुपचूप गिळायचा आणि पाठवणाऱ्यापाशी ब्रही काढायचा नाही. दारातच नीट नकार द्यायची चांगली रीत असते, ती त्यानं वाचलीही होती. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

मग त्यानं फिल्टर बसवला. फिल्टरला शिकवावं लागतं, हा कचरा आणि हे काम. फिल्टर शब्द मोजतो, शब्दांना गुण देतो, आणि गुण फार झाले की मेल कचऱ्याच्या कप्प्यात. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात हे सरळ चाललं असतं. इथं मात्र पंचाईत अशी की कचरा पाठवणारे ज्या शब्दांवर पोट भरतात, त्याच शब्दांवर लॅबचंही पोट. स्तन, प्रोस्टेट, गाठ, कॅन्सर, वाढ. भोंदू औषधवालाही तेच लिहायचा आणि सर्जनही तेच. एकदा लॅबला रसायनं पुरवणाऱ्याचं बिल कचऱ्यात गेलं आणि भामट्याचा मेल मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन बसला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बाई म्हणाल्या. "काय हो पोस्टमास्तर, हेच का तुमचं शहाणं यंत्र?"

हे त्याला फार लागलं. त्यानं ओळखीच्या पत्त्यांना फिल्टरमधून सूट दिली आणि उरलेला कचरा रोज सकाळी स्वतः नजरेखालून घालायचा असं ठरवलं. बाकं भरायच्या आधी, चहाचा कप घेऊन, तो बरण्यांच्या खोलीत बसायचा आणि कचऱ्याचे नुसते विषय वाचत सुटायचा. उघडायचा नाही. उघडणं धोक्याचं, त्यातून विषाणू येतात. पण विषयावरून त्याला माणूस कळायचा, निदान तो तसं म्हणायचा. त्याचा एक ठोकताळा होता आणि तो त्यानं लॅबमध्ये सगळ्यांच्या गळी उतरवला होता. चोराला नेहमी घाई असते. 'ताबडतोब', 'शेवटची संधी', 'आत्ताच उघडा' असं जिथं लिहिलेलं असेल तिथं हात लावायचा नाही. खरा माणूस नमुन्याचा नंबर लिहितो, नमस्कार लिहितो आणि वाट बघतो. ठोकताळा चांगलाच होता. त्यानं लॅबला खरोखर दोनतीनदा वाचवलं होतं. कचरा कमी झाला, बाई पदर तोंडाला लावायच्या थांबल्या, आणि पोस्टमास्तरची मान जरा ताठ झाली.

अशात ताईच्या मानेला गाठ आली.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा त्याचं नाक पुसण्यापासून त्याला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं ताईनं केलं आणि त्यापायी स्वतःचं लग्न उशिरा केलं. ती युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कटिंगला होती. हात कात्रीचा आणि जीभही कात्रीची. "आमचा पोस्टमास्तर," ती म्हणायची, "ना पिशवी, ना सायकल, ना दिवाळं निघालेलं टपालखातं. नुसता बसून असतो आणि म्हणे टपाल वाटतो." त्याच्या कामाचा तिला अभिमान होता, आणि तो ती असाच बोलून दाखवायची.

सर्जननं गाठ काढली आणि बरणीत घालून लॅबला पाठवली. बरणीवरचं ताईचं नाव पोस्टमास्तरनं दोनदा वाचलं. मोठे डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळा लावून सारी दुपार बसले. संध्याकाळी त्यांनी त्याला आत बोलावलं.

"मला खात्री वाटत नाही," ते म्हणाले. "लसीका ग्रंथी फार फसवतात. कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो. अंदाजानं सांगून तुझ्या बहिणीला नको ती औषधं सुरू करायला लावू नये. मोठ्या संस्थेकडे स्लाइड पाठवू. त्यांचा रोजचा हात आहे."

स्लाइड कुरिअरनं गेल्या. उत्तर मेलनं येणार होतं. बाहेर मत मागायची वेळ लॅबवर क्वचितच यायची. त्या दिवसांत बाहेर गेलेली स्लाइड ताईचीच.

एरवी ज्याचा रिपोर्ट अडकतो तो माणूस काउंटरवर येऊन डोकं खातो. आला का, का नाही आला, तुम्ही फोन का करत नाही, मला नंबर द्या, मी करतो. बाई अशा लोकांना वैतागायच्या, पण त्यांचे रिपोर्ट वेळेवर यायचे. ताई एकदाही काउंटरवर आली नाही. "मी कशाला जिने चढू?" ती नवऱ्याला म्हणाली. "माझा भाऊ आतच बसलाय." आत ओळख असली की माणूस रांगेत उभा राहत नाही, आणि मग त्याला कुणी हाकही मारत नाही.

आता पुढचं सांगताना हात आखडतो, पण सांगायला हवं. संस्थेचं उत्तर आलं होतं. ताईचे टाके निघाले त्याच आठवड्यात आलं होतं. संस्थेनं त्याच सुमारास आपला मेलचा पत्ता बदलला होता. जुन्या पत्त्यात संस्थेचं नाव स्वच्छ दिसायचं. नव्या पत्त्यात नुसती अक्षरांची खिचडी होती, आणि नव्या सर्व्हरवर त्यांची डिजिटल सही अजून नीट बसलेली नव्हती. फिल्टरला त्या पत्त्याची ओळख नव्हती. आत गाठ, वाढ, कॅन्सर हे शब्द आणि सोबत कुलूप लावलेली फाइल. त्यानं गुण मोजले आणि मेल कचऱ्यात टाकला. तिथवर ठीक होतं. त्यासाठीच तर पोस्टमास्तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसत होता.

तो त्या सकाळीही बसला. विषय होता, 'अतितातडीचे. कृपया फाइल लगेच उघडावी.' पुढे नंबर होता, पण तो संस्थेचा स्वतःचा, लॅबचा नाही. ज्या डॉक्टरनं ते लिहिलं असेल त्याला खरंच घाई झाली असणार. अशा बाईला औषध लवकरात लवकर सुरू व्हावं, एवढ्यासाठी त्यानं वर ते शब्द घातले असणार. पोस्टमास्तरनं वाचलं, मनाशी हसला आणि बाकीच्या कचऱ्याबरोबर पुसून टाकलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

काही दिवसांनी त्याच पत्त्यावरून पुन्हा आला. 'स्मरणपत्र. अतितातडीचे. कृपया उत्तर द्यावे.'

"पिच्छाच पुरवतोय लेकाचा," तो बाहेर येऊन बाईंना म्हणाला. "थांबा, दारच लावतो." आणि त्यानं तो पत्ताच काय, त्या पत्त्याचं सगळं घराणं बंद करून टाकलं. यापुढे तिथून जे येईल ते कचऱ्याच्या कप्प्यातही दिसायचं नाही. सर्व्हर ते गिळणार आणि पाठवणाऱ्याला वाटणार, पोचलं.

"काही आलं का रे?" ताई फोनवर विचारायची.

"नाही गं. आलं तर माझ्याच हातून जाणार ना."

"मग काय समजायचं मी?"

"अगं, वाईट असतं तर त्यांनी घाई केली असती," तो म्हणायचा. "एवढे दिवस गप्प आहेत म्हणजे काही नसणार."

हे तो तिला बरं वाटावं म्हणून म्हणायचा आणि त्याचं त्यालाही खरं वाटायचं. मोठ्या डॉक्टरांनीही एकदोनदा विचारलं. तो नाही म्हणाला. "त्यांच्याकडे ढीग असतो," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या स्लाइडकडे वळले. संस्थेला एक फोन करावा असं दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. टपाल नीट चालत असताना फोन कशाला?

ताई कामावर जाऊ लागली होती. जखम भरली होती. मग तिला रात्री घाम येऊ लागला, अंगावरचे कपडे सैल झाले, कारखान्याचा जिना चढताना मध्येच टेकावं लागू लागलं. तिनं ते उन्हाळ्यावर ढकललं, मग कामावर ढकललं, मग वयावर. ढकलायला काही उरलं नाही तेव्हा मेहुणे तिला उचलूनच सर्जनकडे घेऊन गेले. सर्जननं तिथल्या तिथे संस्थेला फोन लावला. पलीकडच्या माणसानं कागद काढून रिपोर्ट वाचून दाखवला आणि वर म्हणाला, आम्ही तेव्हाच कळवलंय, आठवणही केली होती.

लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, आणि तोही झपाट्यानं वाढणाऱ्या जातीचा. तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर पूर्ण बरं होण्याची आशा पुष्कळ होती, असं सर्जन म्हणाला. आता तो छातीत उतरला होता आणि हाडांतही. "बघू," सर्जन म्हणाला. डॉक्टर 'बघू' म्हणाला की काय समजायचं ते घरातली माणसं समजतात.

मेहुण्यांचा फोन लॅबमध्ये आला तेव्हा पोस्टमास्तर कुणाचा तरी साखरेचा रिपोर्ट छापत होता.

"कळवलं म्हणे," मेहुणे म्हणाले. "कुणाला कळवलं? तू रोज डोळ्यांत तेल घालून बसतोस तिथं. धडधडीत खोटं बोलतात रे. माणूस मरायला टाकून वर खोटं."

त्यानं फोन ठेवला आणि बरण्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं. काही सापडणार नाही असं त्याला अजून वाटत होतं. सर्व्हर आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची नोंद ठेवतो, गिळलेल्याचीही. संस्थेच्या नावानं शोधलं तेव्हा काही सापडलं नाही आणि क्षणभर त्याला हायसं वाटलं. मग त्यानं संस्थेच्या वेबसाइटवर त्यांचा पत्ता बघितला, तो बदललेला होता. ती अक्षरांची खिचडी डोळ्यांसमोर आली आणि त्याला नोंद शोधायची गरजच उरली नाही. त्याला ती सकाळ आठवली, चहा आठवला, आपण हसलो होतो तेही आठवलं. तो बरण्यांच्या फळीला धरून खाली बसला. आपण ताईला मारलं, असं त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं.

ताईला हॉस्पिटलात ठेवलं होतं. दोन खाटांची खोली, शेजारच्या खाटेवर पाय मोडलेल्या एक आजी. तो गेला तेव्हा मेहुणे औषधं आणायला खाली गेले होते आणि ताई त्या संस्थेचा उद्धार करत होती. आवाज खोल गेला होता, पण जीभ तीच. "मोठी संस्था म्हणे. आमच्या कारखान्यात एक काज चुकलं तर सुपरवायझर घरी पाठवतो. हे आख्खी बाई विसरले आणि वर म्हणतात, कळवलं. कबुतराच्या पायाला बांधलं होतं का?" आजी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. त्या दिवसांत ताईच्या चेहऱ्यावर थोडी तरी धुगधुगी यायची ती अशा वेळीच.

आजी झोपेपर्यंत तो थांबला.

"ताई, ते मेल आले होते," तो म्हणाला.

"कुठले?"

"संस्थेचे. दोन आले. पुढचेही आले असतील, ते मीच बंद केले होते."

ताईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फिल्टर, नवा पत्ता, घाईचा ठोकताळा असं सगळं भराभर सांगितलं. त्यातलं तिला किती कळलं कोण जाणे.

"तू वाचलेस?" तिनं विचारलं.

"नाही. वाचले असते तर... नुसता वरचा विषय वाचला. चोराचे वाटले."

"कधी आले होते?"

"तुझे टाके काढले ना, त्याच आठवड्यात."

हातात सुई टोचलेली होती, तिच्यावरची चिकटपट्टी ती नखानं सारखी करत राहिली.

"हे मला कशाला सांगितलंस?" ती शेवटी म्हणाली.

"लपवणं जमेना गं."

"जमवायचं होतं," ताई म्हणाली. "एवढे दिवस मी त्या लोकांना शिव्या घालत होते. तेवढंच एक बरं वाटत होतं मला. आता कुणाला घालू?"

त्याला रडू फुटलं. लहानपणी तो रडला की ताई पदरानं डोळे पुसायची आणि वर एक धपाटा घालायची. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"रडू नकोस इथं," ती म्हणाली. "तुझी समजूत काढायची ताकद नाही माझ्यात." आणि थोडं थांबून म्हणाली, "यांना सांगू नकोस. कळलं तर हे तुला दारात उभं करायचे नाहीत. आणि मला आता रोज माणूस लागणार. यांना रजा मिळून मिळून किती मिळणार?"

ही काही माफी नव्हती. कापड अपुरं पडलं की त्यातच कसं बसवायचं याचा हिशेब ती जन्मभर करत आली होती, तसाच हा एक. त्यालाही ते कळलं. मेहुणे औषधांची पिशवी घेऊन वर आले आणि आल्या आल्या संस्थेला बोलू लागले. ताईनं डोळे मिटून घेतले. त्या दिवसानंतर तिनं संस्थेला एक शिवी दिली नाही. मेहुण्यांना वाटलं, हिच्यातला जोर गेला.

इकडे मोठे डॉक्टर खवळले होते. त्यांच्या चाळीस वर्षांच्या लौकिकाला बट्टा लागला होता. "आपल्याकडे आलं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं. पोस्टमास्तरनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते त्यालाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी संस्थेला एक जळजळीत पत्र सांगितलं आणि ते त्यानंच टाइप केलं, त्यानंच आपल्या सर्व्हरवरून पाठवलं. पाठवायच्या आधी त्यानं संस्थेच्या पत्त्याला लावलेलं दार उघडलं. नाहीतर उत्तरही गिळलं गेलं असतं.

उत्तर लगेच आलं. संस्थेनं माफी मागितली होती. त्याच काळात आम्ही पत्ता बदलला, नवी व्यवस्था नीट बसली नव्हती, आमच्याकडून मेल सुटला पण पोचला नसावा, याची जबाबदारी आमची आहे, अशा अर्थाचं लिहिलं होतं. लॅबला येणारं सगळं आधी त्याच्याच नजरेखालून जायचं, म्हणून हेही पहिल्यांदा त्यानंच वाचलं. ज्यांनी काही केलं नव्हतं ते हात जोडत होते. आता ओरडून सांगितलं तरी खोटं पडावं, इतकं ते सभ्य पत्र होतं. ते पुसून टाकावं असं त्याला फार वाटलं. त्यानं ते छापलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी एक प्रत मेहुण्यांना दिली.

फिल्टरचं त्यानं काय केलं? बैल गेला आणि झोपा केला. सगळं ढिलं सोडलं आणि कचऱ्यातला एकेक मेल उघडून, अथपासून इतिपर्यंत वाचू लागला. लॉटऱ्या, परदेशी काका, मर्दानगी, सगळं. बाईंच्या मेलमध्ये पुन्हा घाण येऊ लागली. त्या आधी चिडल्या, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसू लागल्या. पोस्टमास्तर म्हणायचंही त्यांनी सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या त्यांनाच ते बरं वाटेना.

लॅब सुटली की तो ताईकडे जायचा. पहिल्या औषधानं तिला थोडं बरं वाटलं, दुसऱ्यानं काहीच झालं नाही, मग तिला घरी आणलं. तो तिला उठवून बसवायचा, कूस बदलायला मदत करायचा, पातळ काहीतरी चमच्यानं भरवायचा. ताई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. उशी वर घे, पंखा कमी कर, हे पाणी कोमट नाही. त्याला वाटायचं, हिनं एकदा तरी आपल्याला चांगलं फैलावर घ्यावं. पण तिनं घेतलं नाही. त्या बोलण्याची वाट बघण्यात त्याचे दिवस गेले आणि तिचे संपत आले.

एकदाच ती आपणहून बोलली. "अशी आणखी कुणाची पत्रं गेलीत का?" तिनं विचारलं.

"नाही. सगळं उलथं-पालथं करून बघितलं. तुझीच."

"बरं झालं," ताई म्हणाली. मग जरा वेळानं तोंड वाकडं करून म्हणाली, "नशीब बघ माझं. घरचं माणूस होतं ना."

थोड्याच दिवसांनी ती गेली. शेवटचे काही दिवस तिला कुणी ओळखू येत नव्हतं, त्यामुळे बोलायचं जे राहिलं होतं ते राहिलंच.

माणसं भेटायला येत राहिली. कारखान्यातल्या बाया आल्या, शेजारपाजार आला, हॉस्पिटलातल्या आजी कुबडी घेऊन मुलाबरोबर आल्या. मोठे डॉक्टरही जिना चढून आले आणि भिंतीला टेकून बसले. मेहुण्यांच्या शर्टाच्या खिशात ते माफीचं पत्र घडी घालून ठेवलेलं होतं. आलेल्या प्रत्येकाला ते काढून दाखवायचे, वाचून दाखवायचे, पुन्हा घडी घालायचे. घड्यांवर कागद फाटायला आला होता. एवढं एकच काम त्या माणसाला उरलं होतं आणि तेवढं केल्यावर त्याला घोटभर पाणी तरी उतरायचं.

"त्यांनी मारलं हिला," मेहुणे म्हणाले आणि त्यांनी शेजारी बसलेल्या पोस्टमास्तरच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ह्यानं काय केलं नाही हो? रोज येत होता. स्वतःच्या आईचं कुणी करणार नाही इतकं केलं. आणि तिथं लॅबमध्येही रोज सकाळी डोळे फाडून बसायचा, आज येईल, उद्या येईल. आलं असतं तर ह्याच्या नजरेतून सुटलं असतं का?"

खोलीतल्या सगळ्यांनी पोस्टमास्तरकडे पाहिलं. आता त्याला अडवणारं कुणी नव्हतं. सांगू नकोस म्हणणारी गेली होती, आणि तिला रोज लागणारं माणूसही आता लागणार नव्हतं. मेहुण्यांचा हात गुडघ्यावर तसाच होता.

"नाही ना रे?" मेहुण्यांनी विचारलं.

"नाही, भावोजी," तो म्हणाला. "आलंच नाही."